सांच्याचा भाव

माझा आवाज मोठा आहे. मी वर्गाच्या दारात उभी राहून हजेरी घेतली की आज कोण शाळेत आलं नाही ते होड्यांच्या धक्क्यावर कळतं, असं आमचे मुख्याध्यापक म्हणत. असेलही. पण मोठ्या आवाजाच्या माणसाला एक खोड लागते. आपण बोललो म्हणजे समोरच्याला सांगून झालं, असं त्याला वाटायला लागतं. माझी ती खोड डिसेंबरातल्या एका रविवारी, किनाऱ्यावर, दिवस मावळता मावळता जिरली. जिरवली एका मासळी विकणाऱ्या बाईनं, आणि तिनं आवाज जरासुद्धा चढवला नाही.

श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात मी अकरा वर्षं शिकवते आहे. शाळा सातवीपर्यंत. पुढं आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात जायचं तर एसटीनं पाऊण तास. मी राहतेही तालुक्यालाच, मूळची मात्र घाटावरची. इथं आले तेव्हा ओला बोंबील आणि सुका बोंबील हे दोन वेगळे मासे आहेत अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात वाळूवर पसरलेलं एक जाळं 'हा कचरा कुणी टाकला?' असं ओरडून मी मुलांकडून गोळा करवलं. ते दुरुस्तीला काढलेलं होतं. मुलांना ते माहीत होतं, पण बाईंना सांगणार कोण? जाळ्याचा मालक शाळेच्या पायरीवर येऊन बसला आणि एक शब्द न बोलता तासभर बसून राहिला. शेवटी ते जाळं मीच पुन्हा पसरून आले. एवढ्यानं आपण शहाण्या झालो असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत होतं.

मग शनिवारचं प्रकरण सुरू झालं. दर शनिवारी मुलांनी दप्तर आणायचं नाही, त्या दिवशी कला आणि उद्योजकता शिकवायची, असा कागद वरून आला. आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. तिथं आईस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेलं तोरण शिकवलं. 'टाकाऊपासून टिकाऊ' असं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं. ते टिकाऊ तोरण मी शाळेच्या दाराला लावलं, तर खाऱ्या दमट हवेनं पंधरा दिवसांत त्याला बुरशी धरली. काड्यांच्या घराचं तर विचारूच नका. तेवढ्या काड्या जमवायला आधी सगळ्या शाळेला आईस्क्रीम खाऊ घालावं लागलं असतं.

टाकाऊ वस्तूंची मात्र आमच्याकडे ददात नव्हती. पावसाळा सरला की समुद्र किनाऱ्यावर काय काय आणून टाकतो. नायलॉनच्या दोऱ्या, बाटल्यांची झाकणं, थर्माकोल, फुटके कॅन, आणि चपला. चपला हमखास एका पायाच्या. जोडी समुद्रानं दिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मुलांनी पोती भरभरून हा माल आणला आणि व्हरांड्यात ओतला. पहिल्या शनिवारी मी निळ्या चपलेच्या रबरातून एक मासा कापून दाखवला. लंबगोल अंग, त्रिकोणी शेपूट, मध्ये झाकणाचा डोळा. मला तो बरा जमला असं वाटलं.

सातवीतली एक मुलगी पुढं आली. अंगानं किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, आणि हिशोबाच्या वहीत सतत लाल शेरे. तिनं मासा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई, ह्यो कंचा मासा?"

"कुठला म्हणजे? मासा म्हणजे मासा."

अख्खा वर्ग खो खो हसला. मी त्यांना गाय म्हणून चार पायांचं टेबल दाखवावं, तसं ते हसत होते. ती मुलगी कात्री घेऊन बसली. ढिगातून तिनं गुलाबी पडलेली एक मऊ चप्पल शोधली आणि पाऊण तासानं बोंबील करून आणला. तोंड उघडं, अंग लिबलिबीत, पाहताक्षणी ओळखू येणारा. मग काय, सगळेच सुटले. पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब वाकट्या झाल्या, टायरच्या ट्यूबची मुशी झाली, झाकणांचे खेकडे झाले. हे सगळे मासे मुलांनी घरी अंगणात, टोपलीत, ताटात रोज पाहिलेले. मी त्या दिवशी फक्त कात्र्या वाटल्या आणि कापलेल्या बोटांना हळद लावली. घरी जाताना मी फार खूश होते. आपण शिकवत नसताना मुलं किती शिकतात, हे मला नव्यानं कळत होतं.

जाळ्याच्या पिशव्या करायची कल्पनाही त्याच मुलीची. वाड्यातल्या घराघरांतून, या वेळी विचारून, आम्ही कामातून गेलेली जाळी आणली. हिरवी, निळी, मधूनच एखादं भगवं. जाळं विणायच्या बांबूच्या सुईनं गाठी मारायला मुलांना शिकवावं लागलं नाही. पण नुसत्या जाळ्याच्या पिशवीतून पेन्सिली गळायच्या. तेव्हा ती मोडक्या छत्र्यांचं काळं कापड घेऊन आली. आमच्याकडे पावसाळ्यानंतर मोडकी छत्री नाही असं घर नसतं. कुवेतला बरीच वर्षं शिवणकाम करून परतलेले एक चाचा बाजारात दुकान घालून बसले होते. त्यांनी ते अस्तर मशीनवर बसवून दिलं. "पोरांनो, माल एक नंबर हाय, वल्ला," असं ते प्रत्येक पिशवी हातात देताना अरबी शपथेसकट म्हणत. बाहेरून हिरवं जाळं, आतून काळं कापड, आणि बंदाला चपलेचा छोटा बोंबील लटकवलेला. खरंच देखणी पिशवी व्हायची.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सगळी मुलं गेल्यावर तीच मुलगी झाडू मारत मागं राहिली. झाडून झालेली जागा तिनं दुसऱ्यांदा झाडली, तेव्हा मी विचारलं, काय गं?

"बाई, मना आठवीला जायचंय. आय न्हाय म्हनते."

तिच्या मोठ्या बहिणीचं मला माहीत होतं. तीही माझ्याच हाताखालून सातवी झाली. मग आईबरोबर टोपली, आणि अठरा पुरी होताच महिन्याभरात लग्न. हुशार मुलगी होती. त्या वेळी मी काही बोलले नव्हते, याची मला अजून लाज वाटते. त्यामुळे या वेळी जोरात म्हटलं, "मी बोलते तुझ्या आईशी. तू काळजी करू नकोस."

बोलले म्हणजे काय, वीस मिनिटं व्याख्यान दिलं. तिची आई दारात बांबूंवर बोंबील टांगत होती आणि मी शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. तिचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, महिन्यातले चार दिवस घरी. बाकी सगळा गाडा हिच्या डोक्यावरच्या टोपलीवर चाललेला. माझं संपेपर्यंत तिनं दोन बांबू भरले. मग हात पुसून म्हणाली, "बाई, तुमी सांगता ते बरोबर असंल. पन सात वर्सं शालेत गेली, तिला काय येतंय? कागदावरचं नको, कामाचं दावा मना. येतंय असं दिसलं, तर आठवीचं बघू."

माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. नाताळच्या सुटीत किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड उडते. तिथं मुलांचं दुकान मांडायचं. दुकानाची मुख्य हीच मुलगी. आणि तिची आई जिथं मासळीची टोपली घेऊन बसते, त्या सुरूच्या झाडांपासून वीस पावलांवरच मांडायचं, म्हणजे तिला सगळं डोळ्यांनी दिसेल. मुलीला मी हे सरळ सांगितलं. ती गंभीरपणे मान हलवत म्हणाली, "विकायचं मना येतंय, बाई." त्या रात्री माझ्यापेक्षा तीच शांत झोपली असणार.

रविवारी सकाळी चादर अंथरून आम्ही माल मांडला. प्रत्येक वस्तूला मी माझ्या सुवाच्य अक्षरात भावाची चिठ्ठी लावली. चाचा मुद्दाम अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले. "भवानी माझी," म्हणाले आणि घासाघीस न करता एक पिशवी घेतली. तिनं ती नोट कपाळाला लावली, मालावरून ओवाळली आणि बसली. दुपारपर्यंत छान चाललं होतं. मुंबई-पुण्याची माणसं थांबत होती, बोंबील पाहून हसत होती, पिशव्या खांद्याला लावून फोटो काढत होती. सुरूखालून तिची आई मधून मधून मान वर करून बघत होती.

तीन वाजता माझ्या फोनवर निरोप आला की शाळेची कसलीशी माहिती आजच ऑनलाइन भरायची आहे. रविवार असो की सण, अशी माहिती आजच हवी असते. आमच्याकडे नेटवर्क फक्त टेकडीवरच्या देवळापाशी मिळतं. मुख्याध्यापक खुर्चीत बसून होते, म्हणजे पेंगत होते. मी तिला म्हटलं, "मी येते तासाभरात. सगळं तुझ्यावर आहे. काही माल शिल्लक ठेवायचा नाही हं, नीट विकायचं." हे शेवटचं वाक्य मी मोठ्या आवाजात, अगदी उत्साहानं म्हटलं होतं. तासाभराचे तीन तास झाले.

टेकडी उतरून आले तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. लांबूनच गर्दी दिसली आणि मला आनंद झाला. जवळ गेले तर माझ्या चिठ्ठ्यांचा पत्ता नव्हता. त्या तिनं मी गेल्यावर लगेच काढून टाकल्या होत्या, भाव लिहिला की बोलणंच संपतं म्हणून. मालाचे तिनं वाटे लावले होते. मासळीचे लावतात तसे, एक चांगली पिशवी, तिच्याखाली दोन वाकडे खेकडे आणि एक अर्धवट मुशी. नुसती पिशवी मागितली तर मिळत नव्हती, घ्यायचा तर अख्खा वाटा. आणि मगातून पाणी घेऊन ती त्या वाट्यांवर हातानं शिंपडत होती! छत्रीचं कापड आतून कोरडं राहिलं, म्हणून बरं. वर तिचा आवाज, माझ्या आवाजाला लाजवेल असा. "घ्या ताई, घ्या, आता शेवटचा भाव. उठनार हाय मी. दोन वाटे घ्या, तिसरा तसाच देते." लोक दोन्ही हातांनी उचलत होते. दोन महिन्यांचं काम अर्ध्या तासात मातीमोल गेलं होतं. चादरीवर एकच वाटा उरला होता.

माझा तोल गेला. एवढ्या माणसांत मी तिच्यावर ओरडले. अक्कल कुठं ठेवलीस, एवढी मेहनत पाण्यात घातलीस, असं बरंच काही. लोक पांगले. मुख्याध्यापक जागे झाले. ती उभी राहिली, हातातला मग खाली ठेवला, आणि तिला खरंच कळेना की मी कशासाठी ओरडते आहे.

"संध्याकाल झाली ना, बाई," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. मग तिचे डोळे भरले आणि तिनं सुरूच्या झाडांकडं पाहिलं. तिची आई रिकामी टोपली काखेला मारून आमच्याकडंच येत होती. आठवी गेली, मी मनात म्हटलं. आणि घालवली आपण.

तिची आई चादरीपाशी उकिडवी बसली. उरलेला वाटा तिनं नीट पाहिला, वरची पिशवी उचलून खालचे खेकडे बघितले. मग लेकीकडं न बघता मला म्हणाली, "बाई, वरडता कशाला तिला? वाटं बरोबर लावलेन. पानी मारलेन. गिऱ्हाईक मोकलं न्हाय धाडलेन. सांच्याला भाव उतरवलेन. मी शिकवलं ते सगलं बराबर केलेन पोरीनं."

"अहो ताई, पण ही काय मासळी आहे का? हे सडत नाही!"

"हां. ते तुमी तिला सांगितलं व्हतं का?"

मुलांना मी आकार शिकवले होते, रंग शिकवले होते, 'उद्योजकता' हा शब्द जोडाक्षरासकट लिहायला शिकवला होता. ज्या मुलांच्या घरात विकायची वस्तू म्हणजे संध्याकाळी सडणारी वस्तू, त्यांना ही वस्तू उद्याही राहते, थांबली तरी चालतं, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. उलट, शिल्लक ठेवू नका असं मीच बजावून गेले होते. मी मुलीला जवळ घेतलं. "चुकलं माझं," असं तिला तिच्या आईसमोर म्हटलं. आधी ओरडले तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं, म्हणजे मुख्याध्यापकांनाही ऐकू जावं.

तिच्या आईचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती पिशवीच्या गाठी बोटांनी चाचपत होती.

"ही उद्या पन अशीच ऱ्हाईल?"

"राहील."

"परवा?"

"ताई, वर्षभर राहील."

ती खाली वाळूत बसली. "आमची सुकी मासली ऱ्हाते," ती म्हणाली, "पन ती पावसाच्या आधी व्यापारी उचलतो, त्याच्या भावानं. ओली घेऊन बसले की सूर्य खाली आला, का गिऱ्हाईक वर. त्याला पन ठावं, हिला आता द्यायलाच लागनार हाय. सांच्याला मना कुनालाच न्हाय म्हनता येत न्हाय, बाई." मग तिनं तो उरलेला वाटा पदरात बांधला. "ह्यो न्हाय विकायचा. ह्यो घरी न्यायचा," असं लेकीला सांगितलं. आठवीचं नावही तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही. जाताना मायलेकी वाळूतून पुढं मागं चालत होत्या.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी तिची आई शाळेत आली, न बोलावता. टोपली दाराशी ठेवली आणि माझ्या खुर्चीत न बसता मुलांमध्ये जमिनीवर बसली. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा, असं तिनं शिकवलं. ज्याला घ्यायचंय त्याचा हात वस्तू परत ठेवताना रेंगाळतो. पहिला भाव सांगून गप्प बसा, घाईनं दुसरा सांगू नका. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. माझ्या तासाला ती कधी नसते. मी मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आनि सांच्याला काय करायचं, ते मना पन नवीन हाय. ते तुमी सांगा, बाई."

होळीच्या सुटीत आम्ही पुन्हा दुकान मांडलं. वाटे तसेच ठेवले, कारण लोकांना ते आवडले होते. चिठ्ठ्या नाहीत. पाणी नाही. ऊन उतरलं तसा एक गृहस्थ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता शेवटचं काय देतेस? मुलीनं त्याच्या हाताकडं पाहिलं. "सकालचाच भाव, दादा. न्हायतर उद्या या." तो हसला, गेला, आणि दहा पावलांवरून परत आला. उरलेला माल मुलांनी चादरीत बांधून वाजतगाजत शाळेत आणला. न विकलेला माल परत आल्याचा इतका आनंद कुठल्या दुकानदाराला झाला नसेल. सुरूखाली तिची आई तेव्हा आपले शेवटचे वाटे उतरत्या भावानं काढत होती. हात चालू होते आणि नजर त्या गाठोड्यावर होती.

एप्रिल गेला, निकाल लागला. तोवर मी तिच्या दारावरून रोज जात होते आणि रोज तोंड आवरत होते. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी नेहमीच्या एसटीतून फाट्यावर उतरले. तीच गाडी वळून तालुक्याला परत जाते. थांब्यावर ती उभी होती. नवा गणवेश, घट्ट वेण्या, खांद्याला हिरव्या जाळ्याची पिशवी. डिसेंबरात उरलेल्या वाट्यातली होती ती, मी ओळखली. बंदाला गुलाबी बोंबील. शेजारी तिची आई, बोटी बंद म्हणून टोपलीत सुका जवळा घेऊन बाजाराला निघालेली. मुलगी मला बघून धावत गाडीत चढली आणि खिडकी धरून बसली.

तिची आई माझ्यापाशी थांबली. टोपलीवरचं प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा खोचत होती.

"बाई," ती म्हणाली, "मोठीला मी सांच्याच्या भावानं दिली. घाई केली. तिला ठेवली असती तर काय सडनार न्हवती." तिनं खिडकीकडं पाहिलं. "हिला न्हाय देनार."

कंडक्टरनं बेल मारली. "मावशी, टोपली मागं घ्या, चला लवकर."

मी वाकून टोपलीची एक बाजू धरली, तिनं दुसरी धरली, आणि आम्ही ती गाडीत चढवली.